एकदाणीला कोरडं फडकं

जुन्या रंगाच्या तांब्याच्या दागिन्याला चिंच लावायची नाही. लिंबू नाही, मीठ नाही, दही नाही, भांडी घासायची पावडर तर मुळीच नाही. आमच्याकडून दागिना नेणाऱ्या प्रत्येक बाईला एवढी एक गोष्ट सांगितली जायची. मी नाही सांगायची, हाजराखाला सांगायची. मला माणसांसमोर बोलता येत नाही. तोंडाने निघत नाही ते कागदावर थोडं निघतं, म्हणून लिहून ठेवते आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यात जेवढं येतं तेवढं.

तांबं मुळात लाल. दागिना घडून आला की नव्या पैशासारखा चमकतो, आणि तसा दागिना कोणी घालत नाही. म्हणून त्याला जुना करायचा. गंधक आणि चुना पाण्यात उकळला की तांबूस-पिवळं पाणी होतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. त्यात दागिना बुडवला की बघता बघता सगळा काळा पडतो, चुलीतून काढल्यासारखा. इथपर्यंतचं काम कारखान्यात, म्हणजे दागिने घडवणाऱ्या उस्मानभाईंच्या अंगणातल्या टिनाखाली व्हायचं. पुढचं काम माझं, माझ्या घरी.

पुढचं काम म्हणजे सफाई. कोमट पाण्यात रिठा फेसून घ्यायचा, मऊ ब्रशने दागिना धुवायचा. ब्रश नक्षीच्या रेषेच्या दिशेने चालवायचा, आडवा नाही. मग जुन्या बनियनचं फडकं अंगठ्याला गुंडाळायचं आणि फक्त उंच जागा घासायच्या. मण्याचं पोट, फुलाची पाकळी, पाटलीची कड. खोलगट जागी काळं तसंच राहू द्यायचं. ते काळं राहिलं तरच नक्षी दिसते. बाहेरच्या माणसाला वाटतं की साफ करणं म्हणजे मळ काढणं. आमच्या कामात मळ ठेवणंच कठीण. कुठे थांबायचं ते अंगठ्याला कळावं लागतं. शेवटी लाकडाच्या भुशात ठेवून ओल काढायची, मेणाचा हलका हात द्यायचा, झालं.

मी डावरी आहे. शाळेत गुरुजींनी त्या हातावर पट्ट्या मारल्या, सासरी पंगतीत वाढायला कोणी उभं केलं नाही. पण अंगठा घासताना डाव्या हाताचाच चालतो. त्यामुळे माझ्या हातच्या मण्याची चकाकी बरोबर मधोमध पडत नाही, जरा डाव्या अंगाला उतरते. कोणाला दिसत नाही. उस्मानभाईंना मात्र दिसायची. ते म्हणायचे, "बाई, तुमचा माल मी डोळे मिटून ओळखतो." मग स्वतःच हसायचे, "मिटून कसा ओळखीन? उघडून."

हे काम मला मिळालं ते आमचे हे ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये होते ती बंद पडल्यावर. अकोल्याच्या आसपास तेव्हा एकेक जिनिंगला कुलूप लागत होतं. हे घरी बसले. हाजराखाला आमच्या मागच्या गल्लीत राहायची, उस्मानभाईंकडे कामाला होती. एक दिवस परातभर काळे झुमके घेऊन आली आणि म्हणाली, "घर में बैठके करना है. बोलना किसीसे नहीं. तेरे लायक काम है." मी मान हलवली. ती म्हणाली, "देख, हां बोलने को भी मुंडीच हिलाती. अवं, तोंडात गंधक धरून बसली का?"

सुरुवातीची वर्षं बरी होती. नाटकवाल्यांचे हार, नवरात्रातल्या पोरींच्या बांगड्या, कॉलेजच्या मुलींची कर्णफुलं. अमरावतीची एक मुलगी कर्णफुलं परत घेऊन आली होती. म्हणाली, यात घाण अडकली आहे, सगळी काढून द्या. खालाने समजावलं, ती ऐकेना. मग मी सगळं काळं काढून दिलं. आठ दिवसांनी ती पुन्हा आली, म्हणाली, यातली फुलं कुठे गेली? खाला म्हणाली, "बेटा, घाण के साथ गयी."

आणि एक म्हातारे गृहस्थ होते. सांधे दुखतात म्हणून तांब्याचं कडं घालायचे. कडं घामाने काळं पडायचं, की ते धुवायला आणायचे आणि दर वेळी आनंदाने सांगायचे, "पाहा, किती बिमारी निघून राहिली!" एकदा कडं आणलं ते फारच काळं होतं. त्या दिवसांत ते संत्र्याच्या बागेत गंधकाची भुकटी मारायला जात होते, त्यानेच ते काळवंडलं होतं. ते मात्र म्हणाले, "आता सारी निघाली. आता मी मोकळा." कोणी त्यांना काही सांगितलं नाही. कशाला सांगायचं? कडं लख्ख करून दिलं. त्यांच्या कड्याला काळं ठेवायचं कारण नव्हतं.

पुढे पाऊस फिरला. एका वर्षी मृगात पेरलेलं जळालं, लोकांनी दुसऱ्यांदा पेरलं. दुसऱ्या वर्षी तेच. आमच्या कामात हे कसं कळायचं, तर आषाढ-श्रावणात खेड्यांतल्या बाया कारखान्यात येऊ लागल्या. अंगावर घालायला काही मागत नव्हत्या. पदराखालून फोटो काढायच्या. फोटो त्यांच्या घरच्या महालक्ष्म्यांचा, मागच्या वर्षीचा.

आमच्या वऱ्हाडात भादव्यात घरोघर लक्ष्म्या बसतात. दोघी बहिणी, मुखवट्यांच्या, नव्या पातळातल्या. वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला, पुढे आंबील आणि सोळा भाज्यांचं ताट. घरातलं जे सोनं-चांदी असेल ते त्या दिवशी त्यांच्या अंगावर चढतं. संध्याकाळी हळदीकुंकवाला गावातल्या बाया येतात, त्या लक्ष्म्यांकडे पाहतात तेव्हा दागिन्यांकडेही पाहतात. कोणाच्या ज्येष्ठेच्या गळ्यात काय आणि कनिष्ठेच्या हातात काय, गावाला पाठ असतं. एखादा दागिना दिसला नाही की दुसऱ्या दिवशी विहिरीवर तेच बोलणं.

तर त्या बाया फोटोवर नख ठेवून म्हणायच्या, "हे पाटली हाय ना, अशीच पायजे. नवी नोको दिसाले."

खरी पाटली बियाण्यात गेलेली असायची. उस्मानभाई काही विचारत नसत. भिंग लावून फोटो पाहायचे आणि मापं घ्यायचे. लक्ष्म्यांचं काम असलं की हात-पाय धुऊन बसायचे. हाजराखालाला तर कोणत्या गावच्या कनिष्ठेला नथ डावी आणि कोणत्या गावच्या उजवी, हेही पाठ झालं होतं. या दागिन्यांना एक काम जास्त असायचं. मी घासून ज्या उंच जागा उघड्या करायची, त्यांवर उस्मानभाई सोन्याचं अगदी पातळ पाणी चढवायचे. काळ्यावर ते पाणी बसत नाही. म्हणजे सोनं तेवढंच दिसायचं जेवढं माझ्या अंगठ्याने घासलं असेल. समईच्या उजेडात, फुलोऱ्याच्या आड, तो दागिना आजेसासूच्या काळातला वाटायचा. म्हणून चिंच नको. एकदा चिंचेने चोळला की काळंही जातं आणि सोन्याचं पाणीही. मागे उरतं लाल तांबं.

त्या पहिल्या बायांमध्ये एक म्हातारी होती. नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. दर्यापूरकडची असावी, कारण तिकडच्या जीपने यायची, धुळीने पांढरी झालेली. हातरुमालात सोन्याची एकदाणी बांधून आणली होती, म्हणजे एकाच सरीची मण्यांची माळ. फोटो नाही, अस्सलच समोर ठेवली आणि म्हणाली, "अशी करा. वजन बी हेच पायजे. माही सून हातानं तोलून पाहाते."

उस्मानभाईंनी मण्यांत लाख भरून वजन जमवलं. ती न्यायला आली त्या दिवशी मी सफाई केलेला माल घेऊन तिथेच होते, कोपऱ्यात. खालाने चिंचेचं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "सुनेच्या हाती धुवाले देईनच नाही. मीच पुसत जाईन, कोरड्या फडक्यानं."

"आणि पैसे कुठून आले म्हणून पोरानं विचारलं तर?" खालाने विचारलं.

"माह्या भावानं देल्ले म्हनीन. पेरनी झाली पायजे बस."

जाताना ती माझ्याजवळ थांबली. माझा काळा पडलेला अंगठा धरला, उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाली, "डावरी हायेस. माही माय डावरी होती." एवढंच. मला फार बरं वाटलं होतं. या हाताला कोणी असं कधी धरलं नव्हतं.

त्यानंतर तीन-चार हंगाम गेले. लक्ष्म्यांचं काम वाढतच होतं. नाटकवाले आणि कॉलेजच्या मुली मागे पडल्या. श्रावणात माझ्या घरात बसायला जागा नसायची, पाटांवर सगळीकडे पाटल्या आणि ठुशा वाळत पडलेल्या. आमचे हे एकदा म्हणाले, "पिकाचं काही खरं नाही, पन तुझं पीक जोरात हाय." त्यांना चिडवायचं होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

या बायांत शोभाताई होत्या. दर्यापूरजवळच्या एका खेड्यातल्या, चाळिशीच्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी पाटल्यांचा जोड आणि ठुशी करून नेली. खरी ठुशी आणि पाटल्या त्यांनी नवऱ्याला सांगून विकल्या होत्या, पण सासूला कळू दिलं नव्हतं. खालाशी त्यांची लगेच गट्टी जमली. दोघी माझी थट्टा करायच्या. "ही मुकी का?" शोभाताईंनी विचारलं. "नाही, महंगी हाय," खाला म्हणाली, "एक लफ्ज का भी दाम लगता." शोभाताईंची मोठी मुलगी प्रणिता बारावी झालेली होती. तिला अमरावतीला नर्सिंगला जायचं होतं. शोभाताई तिच्याबद्दल बोलायला लागल्या की दुसरा विषय नसायचा. "पोट्टीनं इंजेक्शन द्याले संत्र्यावर हात बसवला, बाप्पा! घरातली सारी संत्री टोचून ठेवली."

लक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी शोभाताई धावत माझ्या घरी आल्या. कारखान्यात उस्मानभाई कोणाच्या मयतीला गेले होते, खालाने त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं आणि ती स्वतः गंधकाचं पाणी तापवायला बसली होती. शोभाताईंच्या हातात स्टीलचा डबा होता. डबा उघडून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. आत पाटल्या आणि ठुशी. नुकत्याच जन्मलेल्या पोराच्या तळव्यासारखी लाल.

"कसं झालं वं हे," त्या म्हणाल्या, आणि रडता रडता सांगू लागल्या. लक्ष्म्यांच्या आधी देवघरातलं सगळं चिंचेच्या पाण्यात घालायची त्यांच्या घरची रीत. समया, ताम्हण, मुखवटे, एकामागून एक परातीत जात होतं. हात सवयीने चालत होता. लक्षात आलं तेव्हा पाटल्या चोळून झाल्या होत्या. "खालानं किती सांगतलं होतं! पन लग्न झाल्यापासून दरसाल हेच करून राहिली मी. हाताले काय समजते?"

मी पाणी दिलं.

"बुढीनं पाह्यलं नाही अजून," त्या म्हणाल्या. "बुढीले कमी दिसते, पन हातानं समजते. उद्या तिनंच हातानं लक्ष्म्यांले घालाचं असते. संध्याकाळपर्यंत होईन का?"

मी मान हलवली. होणार होतं. घाईचं होतं, पण होणार होतं. उस्मानभाईंचं सोन्याचं पाणी खालालाही चढवता यायचं.

मग त्यांनी ब्लाउजमधून एक पुरचुंडी काढली. "रंग याच्यावर जुळवा. हे एक खरं राह्यलं हाय घरात. बुढीची एकदाणी. बुढी झोपली व्हती, गुपचूप आणली. मले धुवाले बी देत नाही, कोरड्या फडक्यानं सोताच पुसत बसते." डोळे पुसून त्या जरा हसल्या. "बुढी म्हणते, सोन्याले चिंच लागत नाही. म्या म्हटलं ठीक हाय, तुमची तुमीच पुसा. लक्ष्म्या गेल्या की हे इकतो मी. बुढीच म्हणे एकदा, हे प्रणिताचं हाय. तिच्या लग्नासाठी म्हणत असंन. पन लग्नाले कायले? कॉलेजातच भरतो. बोलून ठेवलं हाय तिथं. पोट्टीनं पांढरे बूट बी पाहून ठेवले."

मी पुरचुंडी सोडली. एकदाणी दाराच्या उजेडात धरली.

रंग जुळवायचा तर आधी मणी पाहावा लागतो. मी पहिला मणी पाहिला. काळं खाचेत बसलेलं, नीट. चकाकी पोटावर, पण मधोमध नाही. जरा डाव्या अंगाला उतरलेली. दुसरा मणी तसाच. तिसराही. मी सगळे मणी एकेक करून फिरवले. एखादा तरी वेगळा निघावा म्हणून फिरवले.

ते काम इतकं चांगलं झालं होतं. इतक्या वर्षांनी, कोरड्या फडक्याखाली राहून, एक मणी उघडा पडला नव्हता. माझ्या हातच्या कोणत्याही वस्तूपेक्षा चांगलं. मला त्या क्षणी आधी तेच सुचलं, मग बाकीचं.

शोभाताई कॉलेजच्या वसतिगृहाचं सांगत होत्या. तिथे गाद्या मिळतात की घरून न्यायच्या, असं काही. खाला जवळ असती तर तिनेच सांगितलं असतं. पण खाला गंधकाजवळ बसली होती, आणि ही बाई चार दिवसांनी ही माळ सराफाच्या काट्यावर ठेवणार होती. दुकानात लोक असणार. कदाचित प्रणिता बरोबर असणार.

"ताई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "हे सराफाकडं नेऊ नका."

"काहून?"

मी परातीतली दुसऱ्या कोणाची तरी सफाई झालेली ठुशी उचलली आणि एकदाणीशेजारी फडक्यावर ठेवली. दोन्हींच्या मण्यांवर बोट ठेवलं. मग माझा डावा अंगठा दाखवला.

"हा माहा हात हाय," मी म्हणाले. "दोन्हीवर."

त्यांनी ठुशी पाहिली, एकदाणी पाहिली, माझा अंगठा पाहिला. एकदाणी उचलून तळहातावर तोलली. पुन्हा तोलली. मग त्या एकदम बोलल्या, पण माझ्याशी नाही.

"मंग तो बुढीचा भाऊ... पेरनीले पैसे देल्ले म्हणे. त्याच्या घरी तं तवा खायाले नव्हतं. तवाच समजाले पायजे होतं मले."

मी ठुशी परत परातीत ठेवली.

"म्हणून धुवाले देत नव्हती," त्या म्हणाल्या. "आन मी तिच्यापासून लपवून राहिली होती." त्या हसल्याही थोड्या. ते हसू ऐकवत नव्हतं. बाहेरून गंधकाचा वास येत होता. उठताना त्यांनी एकदाणी पुन्हा माझ्या हातात दिली.

"रंग याच्यावरच जुळवा. फरक नोको दिसाले. बुढीले मी काही सांगत नाही. मले समजलं हे तिले समजलं तं ती लक्ष्म्यांसमोर बसाची नाही."

रंग जुळवायला मला काही त्रास पडला नाही. सगळा माझाच हात. उन्हं उतरायच्या आत पाटल्या आणि ठुशी खालाकडून होऊन आल्या, मी मेण फिरवलं. शोभाताईंनी पदराखाली डबा घेतला आणि शेवटची जीप धरली.

लक्ष्म्या गेल्यावर त्या खालाला प्रसाद द्यायला आल्या तेव्हा माझ्याकडेही आल्या. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. म्हातारीने एकेक दागिना हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि लक्ष्म्यांच्या अंगावर चढवला. पाटल्यांवर तिचा हात जरा जास्त वेळ थांबला. मग एकदाणी घालताना म्हणाली, "सूनबाई, हे प्रणिताले ठेवजो, इकू नोको." शोभाताई "हो" म्हणाल्या. गावातल्या बाया येऊन गेल्या, सगळ्यांनी लक्ष्म्या सुंदर दिसतात म्हटलं.

मला वाटतं, म्हातारीला त्या पाटल्या हाताला लागल्याबरोबर कळल्या. जिने स्वतः तांबं करवून घेतलं, तिच्या बोटांना तांबं कळत नाही असं कसं होईल? पण हे मी शोभाताईंना बोलले नाही. त्यांच्या घरात एकमेकींना न सांगता जे चाललं आहे, त्यात माझं एक वाक्य आधीच झालं होतं.

प्रणिताचं नाव कॉलेजच्या यादीत होतं, पैसे भरले नाहीत म्हणून ती जागा दुसऱ्या कोणाला गेली. शोभाताईंनी दोन-तीन ठिकाणी हात पसरून पाहिले. त्या वर्षी सोयाबीनही पावसात सापडलं, दाणा काळा पडला. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. पुढचं वर्षही तसंच गेलं. मी पुष्कळदा विचार केला की त्या दिवशी मी गप्प बसले असते तर काय वेगळं झालं असतं. काहीच नाही. सोनं नव्हतंच. फक्त आणखी चार दिवस त्या घराला ते आहे असं वाटलं असतं.

म्हातारी त्यानंतरच्या हिवाळ्यात गेली. तिला घरातून नेताना गळ्यात काही ठेवलं नव्हतं, असं खाला म्हणाली.

आता माझ्या अंगठ्याच्या सांध्यात कळ येते. श्रावणात काम उरकत नाही. मागच्या आषाढात खाला एका मुलीला घेऊन आली आणि म्हणाली, "हिला शिकव." दर्यापूरच्या जीपमधून उतरून आली होती, चेहरा धुळीने पांढरा. ओळखायला वेळ लागला नाही, आवाज शोभाताईंचाच होता. तिने एकच विचारलं, "मावशी, जोर किती द्याचा?" मी तिचा अंगठा धरून मण्यावर ठेवला आणि दाखवला. आठवड्याभरात तिला कळलं. संत्र्यावर बसवलेला हात आहे, हलका आहे. टोचल्यासारखी अचूक जागा धरते आणि बरोबर वेळेला थांबते. मी इतक्या वर्षांत तसं कोणाचं काम पाहिलं नाही. तिच्या आईला मी हे सांगितलेलं नाही.

प्रणिता उजव्या हाताने घासते. तिची चकाकी मण्याच्या उजव्या अंगाला उतरते. आता दर्यापूरकडे कोणाच्या घरी लक्ष्म्यांच्या गळ्यात तशी माळ दिसली, तर तो तिचा हात आहे.

त्याला चिंच लावू नये. कोरड्या फडक्याने पुसावं.